ओळखीची चिठ्ठी

ओळखदेख नसलेल्या माणसाच्या दारात काही मागायला उभे राहणे, यासारखे अवघड काम दुसरे नसेल. सावकार ताठ मानेने येतो, पाहुणा हसतमुखाने येतो. पण ‘माझा माल घ्या’ असे सांगायची वेळ आली, की भल्याभल्यांची जीभ टाळ्याला चिकटते. त्यातून मराठी माणूस असला तर विचारूच नका. आपल्याच मालाची आपणच तारीफ करणे म्हणजे स्वतःच्या लग्नात स्वतःच मंगलाष्टके म्हणण्यासारखे त्याला वाटते.

जव्हार-मोखाड्याच्या आमच्या डोंगराळ मुलखात या अडचणीवर एक जुना उपाय आहे. पाड्यात आलेला नवखा माणूस एकदम कामाचे बोलत नाही. तो ओट्यावर टेकतो, पाणी पितो, पावसाची, नागली-वरईची चौकशी करतो. घरच्या म्हाताऱ्याचा खोकला कसा आहे तेही विचारतो. मग सावकाश मुद्द्यावर येतो. तोवर तो परका राहिलेला नसतो.

हे सारे आठवायचे कारण म्हणजे लिंक्डइन. तरुण वाचकांना हे नाव ठाऊक असेलच, वडीलधाऱ्यांसाठी सांगतो. २००३ साली अमेरिकेत सुरू झालेला हा नोकरी-धंद्यातल्या माणसांचा बारमाही बाजार. जो तो आपले नाव, हुद्दा, शिक्षण यांची पाटी लावून बसतो. ती पाटी पाहून दुसऱ्याने ओळखीची विनंती करायची, आणि होकार आला तर पुढचे बोलणे. मीही तिथे एक पाटी लावली आहे. शिक्षणाच्या रकान्यात ‘मॅट्रिक’ आणि धंद्याच्या रकान्यात ‘शिक्षक व कादंबरीकार’ असे लिहिल्यापासून तिकडे कुणी फिरकलेले नाही. तिथली शांतता मला फार आवडते.

या बाजारात मला ओढले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने. वांगणीत तिचा आठ बायकांचा बचत गट आहे. बांबूच्या कामट्या तासून त्या सुरेख आकाशकंदील करतात. गेल्या वर्षी पाऊस सुरू झाला तेव्हा ती मोबाइल घेऊन आली आणि म्हणाली, “गुरुजी, मुंबई-ठाण्याच्या चाळीस साहेबांना विनंती पाठवली. एकाचंही उत्तर नाही. तुम्ही एवढ्या कादंबऱ्या लिहिता, एक चिठ्ठी लिहून द्या.”

तिची घाई का होती, हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवे. आमच्याकडे भातकापणी आटोपली, दिवाळी झाली, की माणसे ‘जगायला’ जातात. जगायला जाणे म्हणजे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर नाही तर रेतीच्या, बांधकामाच्या कामावर कुटुंबासह जाणे. हा शब्द मी कादंबरीत घातला असता तर टीकाकारांनी भडक म्हटले असते. इकडे तो रोजच्या बोलण्यातला आहे. पावसाळ्यात घरातले दाणे संपतात, तेव्हा भट्टीवाल्याकडून उचल घेतली जाते, आणि पुढे ती फेडायला अख्खे घर जाते. आईबापांबरोबर पोरेही जातात. सुट्टीनंतर मी हजेरी घेतो तेव्हा काही नावांना ‘हजर’ येत नाही. म्हणून कंदिलांची मागणी भाद्रपदाच्या आत येणे आणि थोडे पैसे आगाऊ मिळणे, याला मोल होते.

तिने पाठवलेला मजकूर मी पाहिला. कुणीतरी दिलेला इंग्रजी नमुना होता. ‘आमचा माल उत्कृष्ट, आमचे दर वाजवी, आम्हाला एकदा संधी द्या.’ चाळीस जणांना तोच. ओट्यावर न टेकता चाळीस घरांच्या दारांतून एकच आरोळी दिल्यासारखे झाले होते. “अगं,” मी म्हटले, “यात तूच तू आहेस. ज्याला लिहिलंस तो कुठे आहे?”

मग आम्ही शाळेमागच्या टेकडीवर बसलो, कारण रेंज तिथेच येते. एकेका साहेबाची पाटी नीट वाचली. कोण खरेदी बघतो, कुणी हल्ली काय लिहिले आहे, कुणाची आपल्या मालाशी काहीच गाठ नाही. चाळिसांतले अकरा उरले. ठाण्याच्या एका कचेरीतल्या अधिकाऱ्याने, मागल्या दिवाळीत वाटलेले प्लॅस्टिकचे कंदील आठवड्यात कचऱ्यात गेले, असे खेदाने लिहिले होते. आम्हाला आमचा ओटा सापडला!

अडचण जागेची होती. विनंतीसोबतच्या फुकट चिठ्ठीला जेमतेम दोनशे अक्षरांची मुभा. त्यात तो मोबाइल काना-मात्रेलाही वेगळे अक्षर धरतो. ‘क्ष’ची तर तीन मोजतो! व्याकरणाच्या मास्तरला हे पचणे कठीण. शेवटी मजकूर ठरला तो असा : “नमस्कार. गेल्या दिवाळीतल्या प्लॅस्टिकच्या कंदिलांचे पुढे काय झाले, हे आपण लिहिलेले वाचले. आम्ही वांगणीत बांबूचे कंदील करतो. एक पाहायला पाठवू का?” ‘घ्या’ हा शब्द त्यात कुठेच नव्हता.

यात नवे काही नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षे लागली म्हणतात. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याच्या मालाची खबर देणारे ते पत्र वाचकाला मालापलीकडचेही वाचायला देऊ लागले आणि होता होता महाराष्ट्राचे एक आवडते मासिक झाले. गिऱ्हाइकाच्या घरात नांगराच्या जाहिरातीपेक्षा वाचनाची गोडी अधिक टिकली.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली मांडले, की नव्या नोकरीची बातमी जिवलगांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून अधिक येते. जिवलगांना आपल्याला ठाऊक असते तेच ठाऊक असते. २०२२ साली लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी माणसांच्या अभ्यासात हे पुन्हा दिसले. मात्र ओळख अगदीच नावापुरती असूनही फारसे भागत नाही, असेही आढळले. गोष्ट नोकरीची असली तरी मला ती धंद्यालाही लागू वाटते. आमच्या पाड्यात प्रत्येकाला बांबू कळतो, पण विकत कंदील कुणालाच नको. हवा असलेला माणूस डोंगराखालीच असणार, आणि त्याच्याशी थोडी तरी ओळख आपल्यालाच काढावी लागणार.

अकरा चिठ्ठ्यांना तीन उत्तरे आली. ठाण्याच्या साहेबांनी नमुना मागवला, बिलाचे आणि पोहोचवण्याचे विचारले, किती होतील तेही विचारले. तीनशे म्हणायचा मोह तिला झाला होता. पण हिशेब करून तिने दोनशेच सांगितले. निम्मे पैसे आगाऊ आले. आठ घरांपैकी पाच घरांनी त्या वर्षी उचल घेतली नाही. तीन घरे गेलीच. दोनशे कंदिलांनी सगळा अंधार जात नाही, हे मला कळते. पण पाच घरांतली पोरे सुट्टीनंतर वर्गात होती, हेही मला मोजता येते.

उरलेल्या आठ जणांनी काहीच कळवले नाही. त्यांच्यावर माझा राग नाही. मोठ्या माणसांच्या दारात रोज शंभर आरोळ्या येत असतील. तरी हा अंक वाचणाऱ्यांत कुणी असे साहेब असतील, तर एक विनंती. आपली पाटी नीट वाचून कुणी दोन ओळी लिहिल्या, तर ‘नको’ एवढे तरी कळवावे. नकार मिळाला म्हणजे माणूस उठून पुढच्या घरी जातो. उत्तरच नसले, की तो ओट्यावर वाट पाहत बसून राहतो; आणि आमच्याकडे भाद्रपद फार लवकर संपतो.