चिमणा आवाज

विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' दाखवून हेलियमचा शोध येथेंच लागला, असें सांगण्याची चाल आहे. लॉकियरसाहेब तेथें आले ते १८९८ च्या ग्रहणास. सूर्याभोंवतींच्या ज्वालांतील ती अनोळखी पिवळी रेषा त्यांनीं १८६८ सालींच इंग्लंडांत पाहिली होती. पृथ्वीवर हा वायु रॅम्झे यांस १८९५ सालीं सांपडला. इतक्या थोर कुळांतला हा वायु आतां वाढदिवसाच्या फुग्यांत येऊन बसला आहे!

सुरगाण्याच्या बाजूस बोहाड्यांत मुखवटा चढतांच माणसाचें रूप पालटतें. येथें आवाज पालटतो. तेथील एका स्नेह्यांकडे फुग्यांतला घोट घेऊन भरघोस मिशांच्या यजमानांनीं चिमणीच्या आवाजांत पत्नीस हाक मारली, तेव्हां आम्ही पोट धरून हसलों. पण धाकट्या चिरंजीवांनीं थेट टाकीच्या तोटीकडे धांव घेतली आणि आमचें हसूं विरलें.

स्वरतंतू पूर्ववतच कांपतात; मात्र हेलियमांत ध्वनि हवेच्या जवळजवळ तिप्पट वेगानें धांवत असल्यानें घशाच्या पोकळींतील घुमारा तेवढा उंचावतो. गंमत ती एवढीच. पण छातींत हेलियम भरला कीं प्राणवायूस जागा उरत नाहीं. आणि गुदमरल्याची जाणीव आपणांस होते ती कर्बाम्लवायु सांचल्यानें, तो तर प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतच असतो. म्हणून कांहीं इशारा न मिळतां शुद्ध हरपते. टाकीचा दाब तर फुप्फुसेंच फाडूं शकतो. जत्रेंतल्या फुग्यांत पुष्कळदां हायड्रोजन असतो. तो ओढणाऱ्याच्या शेजारीं कोणी विडी शिलगावली तर काय होईल, हें सांगावयास नकोच.