ओल

राजापूर तालुक्यातल्या आमच्या घराचा पाया जांभ्याच्या चिऱ्यांचा आणि भिंती मातीच्या. वैशाखात घर शाकारून व्हायचं, पडवीला झावळ्यांची झापं बांधली जायची. तरीही आषाढ लागला की आजी रोज सकाळी न्हाणीघराकडच्या भिंतीला हात लावून बघायची, लेकराचा ताप बघतात तसा. "ओल आधी हाताला कळते, डोळ्यांना मागाहून," असं ती म्हणायची.

वर्षातून एकदा सुतार यायचा आणि पटाशीच्या मुठीनं एकेक वासा ठोकत जायचा. धड वासा खणखणीत बोलायचा, वाळवीनं पोखरलेला बद्द वाजायचा. एका वर्षी त्यानं माजघरातला एक वासा बाद ठरवला. तो आजोबांनी स्वतः रानातून आणलेला, त्यांना पटेना. उतरवला तेव्हा आत नुसता भुसा होता. आजी म्हणाली, "तुम्ही आणलेला म्हणून तुम्हाला ऐकू आलं नाही." हे वाक्य तेव्हा मी नुसतं ऐकलं.

1989 च्या मे महिन्यात बाबांनी डोंबिवलीत एक जुना ब्लॉक घेतला. चौथा मजला, वर थेट गच्ची. बघायला गेलो तेव्हा भिंतींना ताजा डिस्टेंपर होता आणि त्या नव्या रंगाच्या वासानंच मी हरखून गेले. तोवर आम्ही राहत होतो त्या चाळीत आमच्या शेजारचे काका पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर होते. ते म्हणाले, "व्यवहाराआधी मी एकदा नजर टाकून येऊ का?" बाबांनी नको म्हटलं. मालकाला वाटेल आपण संशय घेतोय, ही भीड. जूनच्या शेवटी बेडरूमच्या कोपऱ्यात बशीएवढा डाग आला, जुलैत रंगाचे पोपडे सुटले, ऑगस्टात आईच्या ट्रंकेतल्या साड्यांना कुबट वास. गच्चीवर डांबर झालं, पुढे कर्ज काढून ब्रिकबॅट कोबा झाला. सतरा पावसाळे त्या कोपऱ्यात बादली होती. बाबांनी कधी कुणाला दोष दिला नाही. शेवटच्या आजारपणात मात्र एकदा, काही विषय नसताना म्हणाले, "काकांना जाऊ द्यायला हवं होतं."

मी लग्न करून बर्मिंगहॅमला आले त्याला आता वीस वर्षं उलटून गेली. मोटरहोम घ्यायचं ठरलं ते आईसाठी. तिला स्कॉटलंड बघायचं होतं, पण सकाळी सहाला स्वतःच्या हातचा चहा लागतो आणि हॉटेलातल्या जेवणाचा तिला त्रास होतो. नवी गाडी आवाक्याबाहेरची, म्हणून जुनी शोधू लागलो. शोधताना पहिली चाळणी लायसन्सनंच लावली. 1 जानेवारी 1997 पासून इथे ज्यांनी मोटारीची परीक्षा पास केली त्यांना साध्या लायसन्सवर 3,500 किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते. आम्ही दोघं त्यातलेच, म्हणून मोठ्या गाड्या आपोआप गळाल्या.

डेव्हनच्या किनाऱ्याजवळ एका निवृत्त जोडप्याची गाडी होती. आत शिरताच लॅव्हेंडरचा मंद सुगंध. लाकडी कपाटं, निळ्या गाद्या, खिडकीशी चहाचं टेबल. पाच मिनिटांत मी आईला तिथे बसवूनही टाकलं होतं. नवऱ्यानं गाडीचा नंबर घालून सरकारी साइटवर एमओटीचा, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा, इतिहास बघितला. तो फुकट बघता येतो, आणि स्वच्छ होता. एमओटी ब्रेक, दिवे, टायर, स्टिअरिंग, धूर असल्या गोष्टी बघते. मागचं जे घर आहे, त्याचा गॅस, त्याचं पाणी, त्याच्या भिंती, यांच्याशी तिचं देणंघेणं नाही. घराची तपासणी वेगळी. तिला इथे हॅबिटेशन चेक म्हणतात, आणि ती करणारा माणूस इंजिनाला हात लावत नाही. म्हणजे जुनं मोटरहोम घेणाऱ्याला दोन तपासण्या लागतात. पुष्कळजण एकीवर भागवतात.

विकणारे गृहस्थ म्हणाले, "आमचा नेहमीचा माणूस आहे, दर वर्षी तोच बघतो. त्यालाच विचारा ना." माणसं इतकी भली होती, चहा-बिस्किटं समोर होती. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "दुसरा माणूस आणला तर त्यांना वाईट वाटेल." माझ्याही ओठांवर तेच होतं. तेवढ्यात बाबांची ती बादली आठवली. इथे अ‍ॅप्रूव्ह्ड वर्कशॉप स्कीम नावाची व्यवस्था आहे, तिच्या यादीतून मी त्या भागातला, घरी येऊन तपासणारा एक जण निवडला. 320 पौंड ठरले. त्यानं फोनवरच सांगितलं, "यात काही निघालं तर दुरुस्तीचं काम मी घेणार नाही." मला तिथेच तो पटला. गाडी विकली गेली काय, न गेली काय, दुरुस्ती निघाली काय, न निघाली काय, ज्याला कशाचंच सोयरसुतक नाही असा तिऱ्हाईत हवा होता.

अशा जुन्या गाड्यांची भिंत बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, मध्ये लाकडी सांगाडा आणि थर्माकोलसारखा थर, आतून पातळ प्लायवुड अशी असते. सांधे, खिडक्या, छतावरचे झरोके सीलंटनं बंद केलेले. सीलंट वर्षांनी कडक होतं, त्याला केसाएवढी भेग पडते आणि पाणी आत शिरतं. ते शिरतं एका जागी, लाकडाच्या कडेकडेनं सरकतं आणि दिसतं भलतीकडे, बहुधा फार उशिरा. तपासनिसाकडे दोन सुयांचं एक छोटं यंत्र होतं. कोरड्या लाकडातून वीज जवळजवळ वाहत नाही, ओल्या लाकडातून वाहते. त्यावरून यंत्र ओलीचे टक्के दाखवतं. पंधराच्या आत असेल तर चिंता नाही, पंधरा ते वीसमध्ये लक्ष ठेवायचं, विसाच्या वर पाणी शिरत असल्याची शंका घ्यायची, आणि तिसाच्या वर आतलं लाकूड कुजायला लागलं असं धरायचं.

तो सुई टोचून, कपाटं उघडून, गाद्या उचलून एकेक आकडा लिहीत गेला. 11, 12, 12, 14. मागच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात 34. त्यानं तिथे अंगठा दाबला, भिंत आत गेली. मग बोटाच्या पेरानं ठोकलं. तो बद्द आवाज मी लहानपणी ऐकला होता. टायरवरचे शेवटचे चार आकडे 1813 होते, म्हणजे 2013 सालचा अठरावा आठवडा. नक्षी उत्तम, पण रबर दहा वर्षांचं. टायर झिजण्याआधी म्हातारे होतात आणि उभ्या-उभ्याच चिरतात, हे मला माहीत नव्हतं. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मची मुदतही संपली होती. आत झोपणाऱ्यांच्या जिवाची ती गोष्ट, आणि तीच माझ्या डोळ्यांना दिसली नव्हती.

त्या बाईंनी कोपऱ्याला हात लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. लॅव्हेंडर त्यांनी आवडीनं ठेवलं होतं, काही झाकायला नाही. विकणारा खोटं बोलतोच असं नाही, बरेचदा त्यालाही ठाऊक नसतं. आपल्याच घराचा वास आपल्याला येत नाही. भिंत उघडून लाकूड बदलायला काही हजार पौंड लागले असते. आम्ही माफी मागून परत आलो. पाचेक तासांच्या परतीच्या वाटेवर मला हळहळ वाटत होती, हे कबूल करते. गाडी मला खूप आवडली होती.

चार महिन्यांनी लिंकनशरमध्ये दुसरी मिळाली. गाद्या मळक्या, रंग उडालेला. तपासनीस पुन्हा वेगळा, इंजिन बघायला मेकॅनिक वेगळा. सगळ्यात वरचा आकडा 14. चारही टायर आणि अलार्म बदलून ती घेतली. गेल्या वर्षी आईनं स्कॉटलंडमधल्या ग्लेनकोच्या डोंगरापुढे, पावसात, तिच्या खिडकीशी बसून सकाळी सहाला चहा केला.

दोन्ही गाड्यांचे अहवाल मी एकाच फायलीत ठेवले आहेत. दर ऑक्टोबरला ओलीची तपासणी करून घेते. यंदाचे आकडे 12 आणि 13 आहेत.