बोईसर ते कान्हेरी : सहल नव्हे, धम्मयात्रा

बोईसर-तारापूर म्हटले की लोकांना १९६९ साली सुरू झालेले अणुवीज केंद्र आणि औद्योगिक वसाहतीची धुराडी आठवतात. या धुराड्यांच्या शेजारी वाढलेल्या आम्हा भावंडांना जंगलाचा लळा लागला तो बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानामुळे. वडिलांना सुट्टी असली की आई पहाटे भाकरी नि सुकटीची चटणी बांधून घेई. विरारला गाडी बदलून बोरिवली, आणि तिथून कान्हेरीपर्यंत सहा-सात किलोमीटरची पायपीट. वाटेत साग, बांबू, माकडे. हरिण दिसले की वडील गप्प राहण्याची खूण करीत. फांदी मोडायची नाही, दगड मारायचा नाही. पंचशीलातले पहिले शील आम्ही असे चालता चालता शिकलो.

कान्हेरीच्या काळ्या कातळात शंभराहून अधिक लेणी आहेत. भव्य चैत्यगृहापेक्षा वडील आम्हांला पाण्याची टाकी आधी दाखवीत. डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी कातळात कोरलेल्या पन्हळींतून या टाक्यांत उतरते. शिलालेखांत सोपारा, कल्याण येथील दात्यांचे उल्लेख आहेत. वडील म्हणत, "बाबासाहेबांना १९२७ साली महाडला पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. आणि इथे बघा, आपल्या भिक्खूंनी किती शतकांपूर्वी पाणी जपले!"

परतताना नालासोपारा स्टेशन लागे. तिथला स्तूप भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उत्खननातून उजेडात आणला. सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सापडला. पूर्वीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी फिरत. आपण बोधिवृक्षाच्या स्थळी जाऊन आलो आणि धम्मयात्रा सुरू केली, असे तो लेख सांगतो. असा लेख आपल्या पालघर जिल्ह्यात सापडावा, ही केवढी अभिमानाची गोष्ट!

भगवंतांचा जन्म, बोधी, महापरिनिर्वाण सारे झाडांच्या सान्निध्यात झाले. मग आपल्या मुलांना झाडांची नावे का येऊ नयेत? कारखान्याच्या भोंग्यावर दिवस काढणाऱ्या आईबापांनाही मोकळी हवा हवीच. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली, प्रवास सोपा झाला. उद्यान सोमवारी बंद असते, एवढे लक्षात ठेवावे. घरचा डबा घ्यावा, कचरा परत आणावा, आणि वर्षातून एकदा तरी मुलांना कान्हेरीच्या टाक्यांपाशी उभे करावे.

जयभीम!