परवाना

कोर्टात साक्ष दिली तवापासून माय झोपत नाही. अ‍ॅट्रॉसिटीच्या १९९५ च्या नियमांत तिसराच नियम सांगतो: गरज पडली तर सरकारनं आपल्या माणसांना हत्याराचे परवाने द्यावेत. अर्ज घेऊन गेलो. साहेब विचारतो, "जमीन किती?" च्यायला, गोळी काय सातबारा बघून लागते?

मग हत्यार निवडू लागलो. ९ एमएम सामान्य माणसाला मिळत नाही, म्हणून .३२ चं रिव्हॉल्व्हर. त्यातही लहान म्हंजे कानपूरचं 'निर्भीक', २०१४ साली निघालेलं. वजन अर्धा किलो, गोळ्या सहा. किंमत तवा सव्वा लाखाच्या घरात. माझा वर्षाचा पगार तेवढा नव्हता.

माय म्हणाली, "सहाच? अन् येणारे चाळीस असले तर, लेका?"

अर्ज मात्र मागं घेतलेला नाही.