पोटरी, फडफड आणि दुसरं मत

मंडळी, आजचा विषय जरा अंगातला आहे. अगदी शब्दशः.

गेले पाच महिने माझी डावी पोटरी माझ्या परवानगीशिवाय फडफडतेय. मी खुर्चीत निवांत बसलेला असतो आणि कातडीखाली कुणीतरी व्हायब्रेटवरचा मोबाईल ठेवल्यासारखं होतं. कधी मांडी, कधी अंगठ्याचं मूळ, कधी पापणी. शिवाय रात्री तीनच्या सुमारास पायात असा गोळा येतो की माणूस झोपेतून थेट उभा! बाकी ताप नाही, वजन तेवढंच (दुर्दैवाने).

आपल्याकडे या प्रकाराला कुणी वाईट मानतच नाही. पापणी लवली की शकुन, बाहू फुरफुरले की पराक्रम. कालिदासाचा दुष्यंत आश्रमात शिरतो तेव्हा त्याचा हात स्फुरतो आणि पुढे त्याला शकुंतला भेटते. मला पुढे गूगल भेटलं. दोन क्लिकमध्ये मी मोटर न्यूरॉन डिसीजवर पोचलो. स्टीफन हॉकिंगना १९६३ मध्ये, एकविसाव्या वर्षी सांगितला गेला तोच. ते २०१८ पर्यंत जगले, पण तो अपवाद. बहुतेकांना लक्षणं सुरू झाल्यापासून दोन ते पाच वर्षं मिळतात.

वय अठ्ठावीस. घराचे अठरा वर्षांचे हप्ते बाकी. डिसेंबरात लग्न ठरलेलं. आता जिच्याशी ठरलंय तिला हे आधी सांगायचं, की तपासून मग सांगायचं? मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "डॉक्टरकडे जाऊन ये. आणि काय म्हणतात ते मला जसंच्या तसं सांग."

सांगण्यासारखं फार काही मिळालं नाही. पहिले डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका, कॉम्प्युटरवाल्यांना हे होतंच." बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या, कॅल्शियम, संपलं. चार मिनिटं. पोटरीला हात लावला नाही, पँट वर करायलाही सांगितली नाही. त्यांचं उत्तर चूक होतं असं मी म्हणत नाही. पण ते कुठून आलं तेच कळलं नाही. आमच्याकडे एखाद्याने लॉग न उघडता तिकीट बंद केलं तर बग नसेलही, पण रात्री झोप त्यालाच लागते, आपल्याला नाही.

मधल्या शनिवारी आत्याकडे हिरकणीवाडीला गेलो. ही रायगडाच्या पायथ्याची वाडी, रोपवे सुटतो तीच. हा रोपवे १९९६ मध्ये झाला. त्याआधी आत्या डोक्यावर ताकाची कळशी घेऊन गड चढायची. पायातले गोळे तिला नवे नाहीत. "गोळा आला की पायाचा आंगठा धरायचा नि आपल्याकडं वढायचा. रडत नाय बसायचं," हा तिचा प्रोटोकॉल.

मी म्हटलं, पुण्यात दुसऱ्या डॉक्टरला दाखवतोय. यावर आतोबा नाराज. "एकाला दाखवलंस ना? मग दुसरा कशाला? पयल्याला काय वाटंल?"

खरी अडचण हीच आहे बघा. दुसरं मत म्हणजे पहिल्याचा अपमान, असं आपल्याला वाटतं. पण आतोबांना उत्तर द्यायला लांब जायची गरज नव्हती. त्यांच्याच तालुक्यात डॉ. हिंमतराव बावस्कर आहेत, विंचवाचे डॉक्टर. सत्तरच्या दशकात ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले तेव्हा लाल विंचू चावला की माणसं फुप्फुसात पाणी भरून जायची. बावस्करांनी काय केलं? पेशंटच्या उशाशी बसून तासातासाला नाडी, रक्तदाब, श्वास टिपून ठेवला. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये आली. पुढे प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी वापरून त्यांनी कित्येक जीव वाचवले.

पण मला भावलेली गोष्ट त्यानंतरची आहे. प्राझोसिनसाठी जगभर नाव झाल्यावरही त्यांनी महाडमध्ये चाचणी घेतली: नुसती गोळी बरी, की गोळीबरोबर विंचवाची प्रतिविष लसही द्यावी? २०११ मध्ये 'बीएमजे'त निष्कर्ष आला की दोन्ही दिलेले रुग्ण लवकर बरे होतात. म्हणजे या माणसाने स्वतःच्याच उत्तरावर दुसरं मत घेतलं! त्यांना ते कमीपणाचं वाटलं नाही, मग पोटरीवाल्याला का वाटावं?

आतोबा म्हणाले, "जा मग." आत्याने वाटेसाठी तांदळाच्या भाकऱ्या दिल्या.

पुण्यातल्या न्यूरॉलॉजिस्ट मॅडमनी पाऊण तास घेतला. पहिल्या डॉक्टरांचा कागद बाजूला ठेवून म्हणाल्या, "हे मी शेवटी बघेन." मग टाचांवर चाला, चवड्यांवर चाला, उकिडवे बसून हात न टेकता उठा. बोटं फाकवा, मी दाबते, तुम्ही सोडू नका. जीभ बाहेर काढा. गुडघ्यावर हातोडी. दोन्ही हातांचे पंजे शेजारी ठेवून कुठे मांस झडलंय का ते पाहिलं, कारण तरुण मुलांमध्ये हिरायामा नावाचा एक आजार असतो. त्यात हात बारीक होत जातो, आणि तो भारतातही दिसतो. कॉफी किती, झोप किती, सगळं विचारलं. माझी कॉफी दिवसाला सहा कप निघाली.

नंतर रक्तात थायरॉईड, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सीके. मग ईएमजी, म्हणजे स्नायूत बारीक सुई घालून त्याची वीज ऐकायची. फडफड झाली की स्पीकरवर टप्प असा आवाज येतो. माझी पोटरी मी प्रथमच ऐकली. :)

मॅडमनी समजावलं ते असं. एक चेता काही स्नायुतंतूंचा गट चालवते. ती मेंदूचा हुकूम नसताना आपणहून सुटली की तेवढाच गट फडफडतो. थकवा, कॅफीन, अपुरी झोप, जोरदार व्यायाम यांनी हे वाढतं. आजारात चेता मरते, स्नायू दुबळा होतो आणि सुईवर त्याच्या वेगळ्या खुणा दिसतात. त्या माझ्यात नव्हत्या. मेयो क्लिनिकने अशा निरुपद्रवी फडफडीच्या १२१ रुग्णांचा दोन ते बत्तीस वर्षं मागोवा घेतला होता. १९९३ च्या त्या अहवालात मोटर न्यूरॉन डिसीज कुणालाच झालेला नव्हता.

"मग हे टेन्शनच?" मी विचारलं.

"टेन्शनने वाढतं. पण मी तुम्हाला ठीक म्हणतेय ते तुमची ताकद तपासून. दुखतं, फडफडतं हे वेगळं. करताच येत नाही हे वेगळं."

शेवटी त्यांनी पहिला कागद वाचला आणि म्हणाल्या, "निदान जवळजवळ तेच आहे." गोळा आल्यावर काय करायचं? पायाचा अंगठा धरून आपल्याकडे ओढा. आत्या, तुझी फी पाठवतो.

म्हणजे दोन मतं एकच निघाली, तरी दुसऱ्याचे पैसे वसूल. कारण मला हवं असलेलं उत्तर शोधायला मी गेलोच नव्हतो, उत्तराचा आधार शोधायला गेलो होतो. तुमच्यापैकी कुणावर वेळ आलीच तर तीन प्रश्न खिशात ठेवा. तुम्ही काय तपासलं? काय नाही हे कशावरून ठरवलं? आणि काय झालं तर तुमचं मत बदलेल?

तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. मॅडमनी त्याचं उत्तर लिहून दिलं: चप्पल पायातून निसटायला लागली, शर्टाचं बटण लागेना, बोलताना जीभ जड झाली, तर त्याच आठवड्यात या. नाहीतर सहा महिन्यांनी. कागदाचा फोटो मी लगेच तिला पाठवला, जसाच्या तसा. उत्तर आलं, "कॉफी दोन कप. लग्नानंतरही."

असो. ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये 'पोटरी रिव्ह्यू' नावाची मीटिंग टाकली आहे. अजेंडा: चवड्यांवर चालणे.