आषाढातली पावडर

आमच्या घरात दूध पावडर हा चहाइतकाच रोजचा विषय. बाबा एका डेअरीत ३१ वर्षं स्प्रे ड्रायरवर ऑपरेटर होते. रात्रपाळी करून आले की त्यांच्या शर्टाला तापलेल्या दुधाचा गोडसर वास यायचा.

बडोद्याहून आणंद तासाभराच्या अंतरावर. म्हशीच्या दुधाची पावडर होणारच नाही, असं परदेशी तज्ज्ञ एकेकाळी सांगत. हरिचंद दलायांनी रंग फवारायची गन आणि हवा तापवायचं यंत्र घेऊन ती करून दाखवली, आणि १९५५ साली आणंदला कारखाना उभा राहिला. ही गोष्ट बाबांनी आम्हा भावंडांना इतक्या वेळा सांगितली की ती आम्हाला रामायणासारखी पाठ होती.

ड्रायरचं काम ऐकायला सोपं आहे. आधी दूध आटवून दाट करायचं. मग काही मजले उंच असलेल्या, खाली निमुळत्या होत जाणाऱ्या स्टीलच्या टाकीत ते वरून सोडायचं. तिथे मिनिटाला दहा-पंधरा हजार फेरे घेणारी चकती त्याचं धुकं करते. त्यावर १८०-२०० अंशांची हवा येते आणि थेंब खाली पोचेपर्यंत वाळतो. एवढ्या गरम हवेत दूध करपत कसं नाही? तर माठातलं पाणी जसं गार राहतं, तसंच. पाणी उडून जात असतं, तोवर थेंब फारसा तापत नाही.

मी बीई होऊन सॉफ्टवेअरमध्ये आलो. त्याच सुमारास बाबांच्या डेअरीत संगणकावर चालणारं पॅनल बसलं आणि नोकरीची शेवटची दोन वर्षं त्यांना पॅकिंगला पाठवलं. त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. काय बोलणार? मी त्याच पॅनलवाल्यांच्या जातीचा.

गेल्या वर्षी आमच्या कंपनीला एका दुसऱ्या डेअरीच्या ड्रायरचं काम मिळालं आणि त्याचं सॉफ्टवेअर मी लिहिलं. मार्चमध्ये सुरू झालं, उत्तम चाललं. जुलैत मात्र पावडर सायक्लोनमध्ये चिकटू लागली. दर दोन दिवसांनी प्लांट बंद करून धुवावा लागे. स्क्रीनवर सगळे आकडे हिरवे. डेअरीवाले म्हणत, दोष सॉफ्टवेअरचा. चार रात्री मी कोड चाळला, काही सापडलं नाही.

रविवारी जेवताना बाबांनी विचारलं, "चेहरा का उतरलाय?" मी सांगितलं.

"बाहेर पडणारी हवा किती अंशांवर धरली आहेस?"

"८५. मार्चपासून तेवढीच आहे."

"आणि पाऊस किती दिवस लागलाय?"

मला कळेना. आई आमटी वाढता वाढता म्हणाली, "अरे, आषाढात पापड तरी वाळतात का?"

बाबा हसले. "हवाच पाणी पिऊन आलेली, ती दुधातलं आणखी किती घेणार? दोन-तीन अंश वाढव. माल थोडा कमी निघेल, निघू दे."

सोमवारी ३ अंश वाढवले. ड्रायरमध्ये जाणारं दूध आपोआप कमी झालं, उत्पादन थोडं घटलं, पण चिकटणं थांबलं. नंतर आम्ही हवेतला ओलावा मोजणारा सेन्सर बसवला आणि त्याचा हिशोब प्रोग्रॅममध्ये घातला.

"तुमच्याकडे तर सेन्सर नव्हता. तुम्हाला कसं कळायचं?" मी बाबांना विचारलं.

"मूठभर पावडर घ्यायची, दाबायची. मूठ उघडली की मोकळी झाली पाहिजे. गोळा राहिला की समजायचं." मग थोडं थांबून म्हणाले, "पॅकिंगला गेल्यावरही पावसाळ्यात मी रोज मूठ दाबून बघायचो. सांगायचो कुणाला? विचारतच नव्हतं कुणी."

मीही विचारलं नव्हतं. प्रोग्रॅम लिहायला घेतला तेव्हा मी मॅन्युअल वाचली, परदेशी कंपनीला ईमेल केले. ३१ वर्षं ड्रायरजवळ उभा राहिलेला माणूस शेजारच्या खोलीत पेपर वाचत होता.

दिवाळीआधी तिथल्या लोकांना विचारून बाबांना प्लांटवर नेलं. स्क्रीनकडे त्यांनी जेमतेम पाहिलं. सॅम्पलच्या डब्यातली पावडर मुठीत घेतली, दाबली, उघडली आणि तिथल्या तरुण ऑपरेटरला म्हणाले, "आता तू कर."

त्या डेअरीच्या नोंदवहीत आता तापमान आणि ओलाव्याशेजारी एक नवा रकाना आहे. त्यावर लिहिलंय : मूठ.