धुळीआडचे तारे

धुळीशी आम्हां लातूरकरांचे नाते जुने आहे. वैशाखात ती अंथरुणावर असते, पाण्याच्या हंड्यात असते, आणि पाहुणा यायचा असला की त्याच्या आधी घरात येते. तिचे कुणी कौतुक करील असे मला कधी वाटले नव्हते. पण गेल्या दिवाळीत माझ्या भाचीने ते केले! ती खगोलशास्त्र शिकते.

फराळ आटोपून आम्ही गच्चीवर गेलो. दहाचा सुमार होता. पूर्वेला मृग नक्षत्र वर आले होते. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाखाली एक धूसर ठिपका असतो, तो तिने दाखविला. तो तेजोमेघ सुमारे 1,300 प्रकाशवर्षे दूर आहे. त्याच्या पाठीमागे वायूचा आणि धुळीचा प्रचंड ढग आहे, आणि त्यात आजही तारे जन्मत आहेत.

"पण मामा, साध्या प्रकाशात ते दिसत नाहीत. धुळीत पुरलेले असतात."

'पुरलेले' हा शब्द ती सहज बोलून गेली. तिचा जन्म 1993 नंतरचा.

त्या साली मी अकरा वर्षांचा होतो आणि किल्लारीजवळच्या एका खेड्यात आजोळी गेलो होतो. गणपती बोळवून सारे उशिरा निजले. 30 सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे असताना, जमीन हादरली. मी अंगणात निजलो होतो म्हणून वाचलो. दगडमातीचे घर जागच्या जागी बसले. पौर्णिमेचे चांदणे होते, तरी हातभर अंतरावरचे दिसेना, नुसती धूळ. त्या धुळीतून आजीची हाक येत होती. हाकेच्या रोखाने लोकांनी दगड उपसले. आजी निघाली. आजोबांची हाक आली नव्हती.

भाचीला यातले काही बोललो नाही. ती रंगात आली होती. दिसणाऱ्या प्रकाशाची लहर आखूड, ती धुळीच्या कणांत अडकते. अवरक्ताची लहर लांब, ती पुष्कळशी निसटून बाहेर येते. बेकलिन आणि नोयगेबाउर यांनी याच ढगात, एरवी मुळीच न दिसणारा एक तेजस्वी बिंदू अवरक्तात टिपला आणि 1967 साली जगापुढे मांडला. आपल्याकडे लडाखात हानले येथील दोन मीटरच्या दुर्बिणीला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 2013 साली असाच डोळा बसविला. त्याला द्रवरूप नायट्रोजनने गारठवून ठेवावे लागते, नाहीतर त्याची स्वतःचीच ऊब चित्रात उतरते!

मग तिने मोबाईलवर आकाशाच्या एकाच तुकड्याची दोन छायाचित्रे काढली. पहिल्यात काळा डाग. दुसऱ्यात त्याच जागी ताऱ्यांची खच्चून दाटी. मी बराच वेळ बोट फिरवीत राहिलो.

"काय शोधताय एवढं, मामा?"

"काही नाही," मी म्हटले, "मोजतोय."